पाय आखूड का पडतात

लंडन, ७ डिसेंबर

चि. गुड्डीस अनेक आशीर्वाद.

तू काढलेल्या माणसांच्या चौदा चित्रांचे फोटो मिळाले. दिवाळीआधी पाठवलेल्यांच्या शेजारी ठेवून पाहिले. रेषेतली भीती गेली आहे आणि नाकाडोळ्यांच्या मागे लागणंही कमी झालंय. पंजे अजून हातमोजे घातल्यासारखे दिसतात, पण त्याची घाई नाही. खोड एकच, आणि ती चौदापैकी अकरा चित्रांत आहे: पाय आखूड. स्नायूंची नावं पाठ करून ही खोड जायची नाही, म्हणून तिची कारणं सांगतो.

तू डोक्यापासून सुरुवात करतेस आणि डोकं मन लावून काढतेस, म्हणून ते मोठं होतं. त्याच मापानं खाली उतरलीस की मांडीपाशी कागद संपत येतो. मग उरलेल्या चार बोटांत पाय कोंबावे लागतात. यापुढे आधी माथ्याची आणि टाचेची अशा दोन आडव्या खुणा कर, आणि बरोबर मध्यावर तिसरी. उभ्या माणसाचा मध्य जांघेशी येतो. तू तिथं बेंबी ठेवतेस, त्यामुळं जांघ खाली सरकते आणि तेवढे पाय गेलेच. खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो; पुस्तकात आठ छापतात, ते आदर्श माप. माथ्यापासून मोजलंस तर पहिलं डोकं हनुवटीशी संपतं, दुसरं स्तनाग्रांशी, तिसरं बेंबीजवळ, चौथं जांघेजवळ. हात सरळ सोडले की मनगट साधारण जांघेच्या रेषेत येतं. शेजारच्या चार वर्षांच्या पोराला मात्र हे माप लावू नकोस, तो जेमतेम पाच डोक्यांचा असतो. तू त्याला सात डोक्यांचा केलास, म्हणून तो बुटका म्हातारा वाटतो.

दुसरं, बोर्ड मांडीवर आडवा ठेवू नकोस. कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब आणि तिरपा राहतो, म्हणून दबलेला दिसतो. तू नकळत तो ताणून काढतेस. नंतर चित्र भिंतीला लावलं की धड लांबलेलं. बोर्ड खुर्चीच्या पाठीला टेकव.

आणि लांब उभी राहा. आबांना तू दोन हात अंतरावरून काढलंस: छाती समोरून बघितलीस, पावलं मात्र वरून. उभ्या माणसापासून १२ ते १५ फूट तरी हवेत. खोलीत तेवढी जागा नसेल तर त्यांना अंगणात उभं कर आणि तू घरात मागच्या भिंतीशी थांब. पेन्सिल डोळ्यांसमोर धरून माप घेताना कोपर ताठ आणि एक डोळा बंद. कोपर जरा वाकलं की डोक्याचं माप वेगळं, पायाचं वेगळं. इथल्या वर्गातही निम्मे लोक तिथंच चुकतात.

आता नववं चित्र, खांद्यावर केळीचा घड घेतलेला माणूस. विषय झकास, पण घड थर्माकोलचा वाटतो. वीसेक किलो उजव्या खांद्यावर असताना माणूस खांबासारखा ताठ राहीलच कसा? तो खांदा वर उचलला जातो, पाठीचा कणा डावीकडे झुकतो, मान त्याच बाजूला जाते आणि डावा हात अंगापासून सुटतो. माणूस आणि घड मिळून जो भार होतो, तो पावलांच्या वर राहावा म्हणून शरीर हे सगळं करतं. दोऱ्याला किल्ली बांधून ओळंबा कर आणि डोळ्यांसमोर धर. ओझं नसताना कुणी एका पायावर रेलून उभा असेल, तर गळ्याची खोबण भार असलेल्या पायाच्या घोट्यावर येते. त्या बाजूचं कमरेचं हाड वर जातं, खांदा खाली येतो. कमरेची आणि खांद्यांची अशा दोन तिरक्या रेषा आधी मारायच्या. त्या समांतर निघाल्या तर पुढं काढूच नकोस.

रोजचा सराव: ३० सेकंदांची दहा चित्रं, एक मिनिटाची दहा, दोन मिनिटांची पाच, मग २० मिनिटांचं एक. छोट्या चित्रांत खोडरबर बंद. कोळसा आडवा धरून खांद्यातून हात फिरव. मनगटातून काढलं की रेषा केसाळ होते. त्यासाठी महाग कागद नको, वर्तमानपत्राचा कोरा कागद पुरे. भुसावळच्या फलाटावर झोपलेले लोक फुकटचे मॉडेल आहेत, हलत नाहीत. तळवे तुझ्याकडे असतील तर ते डोक्याएवढे, कधी डोक्याहून मोठे दिसतील. तिथं साडेसात डोकी विसर आणि दिसतं ते माप.

अजिंठ्याला एकदा जा, सोमवार सोडून. मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकवणाऱ्या ग्रिफिथ्सनं १८७२ पासून तिथल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करून घेतल्या. त्यातल्या पुष्कळ जळाल्या, उरलेल्या इथं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. पण मूळ चित्रं जळगावपासून साठेक किलोमीटरवर असताना प्रती कशाला? पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाचा त्रिभंग बघ: मान, धड, कंबर, तिन्ही वेगळ्या दिशांना. एक सावधगिरी. आपल्या शिल्पशास्त्रात मूर्तीची उंची तालात सांगतात, आणि हा ताल केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत मोजतात, माथा धरत नाहीत. नवताल म्हणजे नऊ डोकी समजलीस तर मूर्ती ताडासारखी होईल.

पुढच्या वेळी फोटो काढताना चित्र भिंतीला लाव आणि फोन त्याच्या मध्यावर सरळ धर. जमिनीवर ठेवून तिरपा काढलास तर मापं बिघडतात. त्या अकरातल्या दोन-तीन चित्रांचे पाय फोटोनंच खाल्ले असतील.

ताईला आणि दाजींना नमस्कार. भरताची वांगी आली असतील, नानीच्या हातच्या कळण्याच्या भाकरीबरोबर माझ्या वाटचं खा. नानीला म्हणावं, मामा बरा शे.

तुझा,
मामा