गाडीखालचा डाग आणि उगाच बदललेलं बॅक सील

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीत पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस लागली की ज्यांच्या गाडीखाली ऑइलचे डाग पडतात त्यांनी गाडी बाहेर रोडला लावावी, नवीन पेव्हर ब्लॉक खराब होतायत. नाव कुणाचंच नव्हतं पण सगळ्यांना माहिती होतं की हे माझ्यासाठीच आहे, कारण अख्ख्या बिल्डिंगमध्ये 2009 ची डिझेल एसयूव्ही एकट्या माझ्याकडे. 15 वर्षं झाल्यावर रीतसर री-पासिंग करून 5 वर्षांचं रजिस्ट्रेशन वाढवून घेतलंय, पीयूसी आहे, इन्शुरन्स आहे, पण एकदा का खाली डाग दिसला की लोक म्हणतात जुनी गाडी, गळणारच, भंगारात घाला. आणि गॅरेजवालेही तेच म्हणतात, फक्त भंगारात घाला म्हणायच्या आधी बिल लावतात. हे पत्र त्या बिलाबद्दल आहे.

झालं असं की ड्रायव्हर सीटच्या साधारण खाली, इंजिन आणि गिअर बॉक्स जिथं जोडतात तिथून काळं ऑइल ठिपकायला लागलं. रात्रभरात एक रुपयाच्या नाण्याएवढा डाग. गॅरेजला नेली, मेकॅनिकने वाकून बघितलं, बोट लावलं आणि उभं राहतानाच निकाल दिला, बॅक सील (इंजिनच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी रिंग) गेलंय साहेब, गिअर बॉक्स उतरवावा लागेल. आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेट पण टाकून घेऊ, परत परत कोण उतरवणार. पटलं मला. 14 हजार गेले. तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी, तसाच, त्याच मापाचा डाग. परत नेली तर म्हणे जुनं इंजिन आहे, थोडंफार पाझरणारच.

आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका राहतात. त्यांनी विचारलं, सील बदलायच्या आधी इंजिन धुतलं होतं का. नव्हतं. अरे मग कुठून गळतंय ते त्याला कळलं कसं? मी गप्प.

मग काकांनी सांगितलं गाडीखाली काहीतरी अंथर. मी तुमचाच पेपर अंथरला (राग मानू नका, रविवारची पुरवणी होती) तर काका हसले, म्हणे पेपर नको, छपाईच्या शाईत रंग कळत नाही आणि तेल पसरतं, टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आण. पुठ्ठ्यावर चारही चाकं कुठं येतात ते खडूने आखलं, म्हणजे सकाळी पुठ्ठा बाहेर ओढला की डाग नेमका कशाच्या खाली होता ते कळतं. सकाळी पुठ्ठ्यावर गाडीचा नकाशाच तयार होता. पुढे रेडिएटरखाली काही नाही, मध्ये काळा ठिपका, डाव्या बाजूला नुसतं पाणी सुकल्यासारखी कडा, आणि मागच्या डाव्या चाकाच्या आत एक पिवळट चिकट डाग. म्हणजे मी एक लीकेज समजत होतो ती तीन निघाली.

काळा म्हणजे डिझेलचं इंजिन ऑइल, त्यात शंका नाही, गिअर ऑइल असतं तर मधासारखं जाड आणि सडक्या गंधकासारख्या उग्र वासाचं निघालं असतं. मग गाडी वॉशिंगला नेऊन इंजिन खालून वरून धुतलं, अल्टरनेटर आणि वायरिंगला प्लास्टिक गुंडाळून, सुकवलं आणि काकांनी घरातली टाल्कम पावडर इंजिनच्या मागच्या बाजूला भुरभुरली (काकूंचा डबा होता, त्यांना अजून माहिती नाही). हायवेला वीसेक किलोमीटर फिरवून आणली, बॉनेट उघडलं आणि टॉर्च मारला तर पांढऱ्या पावडरवर एक काळी रेघ, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून ब्लॉकवरून ओघळत बेल हाउसिंगपर्यंत, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्सच्या जोडापर्यंत गेलेली. तेल वरून येत होतं आणि टपकत होतं खालून, बस. काका म्हणाले ओलं जिथं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे दिसतं तिथं बघायचं, टपकतं तिथं नाही, कारण गाडी पळताना वारा तेलाला मागे नेतो आणि उतार खाली नेतो. टॅपेट कव्हरचं जुनं पॅकिंग काढलं तर रबराचं राहिलंच नव्हतं, प्लास्टिकच्या पट्टीसारखं कडक, वाकवलं तर तुटलं. नवीन पॅकिंग साडेचारशे रुपये. चौदा हजार आणि साडेचारशे.

आता त्या पाण्याच्या कडेबद्दल, कारण इथं मीच गाढवपणा केला होता. डाव्या बाजूला पाणी पडतं म्हणजे एसीचं, असं मी दोन महिने स्वतःला समजावत होतो, आणि पावसाळी हवेत एसीचं पाणी जास्त पडतंच. पण रेडिएटरचं पाणी कमी झालं की मी कूलंट न टाकता नळाचं पाणी ओतत होतो, त्यामुळे हिरवा रंग कधीच धुऊन गेला होता आणि गळणारं पाणी एसीच्या पाण्यासारखंच दिसत होतं. काका म्हणे दोन दिवस एसी लावूच नको. नाही लावला, तरी कडा होतीच. हीटरच्या होज पाइपची क्लिप सैल होती. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका हे सगळ्यांना माहिती असतं तरी दरवर्षी कुणीतरी भाजतंच. आणि सांडलेलं कूलंट पाण्याने भरपूर धुवा, ते गोडसर असतं, कुत्री मांजरं चाटतात आणि त्यातलं ग्लायकॉल त्यांच्या किडन्या घालवतं.

तिसरं मागचं चाक. इथं चेष्टा नाही, कारण चाकाच्या आत ओलं म्हणजे ब्रेक ऑइल असू शकतं, आणि ब्रेक ऑइल गळत असेल तर गाडी हलवायचीच नाही, पेडल कधी खाली बसेल सांगता येत नाही. काकांनी एका वाटीत पाणी घेतलं आणि पुठ्ठ्यावरचा थेंब काडीने त्यात सोडला. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल वर तरंगतं. तरंगलं. म्हणजे अॅक्सलचं ऑइल सील (मागच्या अॅक्सलमध्येही गिअर ऑइलच असतं). ते तर मागच्या वर्षी एकदा बदललंय म्हटल्यावर काका जॅक आणि खाली स्टँड लावून आत गेले (नुसत्या जॅकवर कधीही आत जाऊ नका, विटा तर लावूच नका) आणि डिफरन्शियलच्या (मागच्या अॅक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याच्या) हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छोटं तोंड, दाखवला, चिखलाने लिंपून बंद. गाडी पळाली की आतलं ऑइल आणि हवा तापते, फुगते, बाहेर जायला ब्रीदरच नसेल तर सीलवाटे वाट काढते, मग सील कितीही वेळा बदला. ब्रीदर साफ केला, सील टाकलं, ब्रेक शू तेलकट झाले होते तेही बदलले.

संपादक साहेब, मला एवढंच म्हणायचंय की गॅरेजवाल्याने गिअर बॉक्स उतरवायच्या आधी गाडी धुवावी, चालवावी आणि गिऱ्हाइकाला टॉर्च मारून दाखवावं की हे बघा इथून येतंय. धुण्याचे पैसे घ्या ना, कोण नाही म्हणतंय. मोठ्या वर्कशॉपमध्ये तर ऑइलमध्ये रंग टाकून निळ्या लाइटखाली बघायची सोय असते, पण जुन्या गाडीला ते कोण करतंय. आणि रस्त्यावर सांडणारं हे तेल पहिल्या पावसात वर येतं, खंबाटकीसारख्या घाटात टूव्हीलरवाला त्यावरूनच घसरतो, तेव्हा जुन्या इंजिनातून थोडंफार पाझरणारच हे उत्तर तर मुळीच चालणार नाही.

सध्या माझ्या गाडीखाली फक्त पाणी पडतं, एसीचं, खरोखरचं. चेअरमन साहेब परवा वाकून बोट लावून वास घेऊन गेले. नोटीस अजून बोर्डवर आहे.

आपला,
एक वाचक, सातारा