मिल्या, आधी तो फेटा काढ

नेरूळ, रविवार

प्रिय मिल्या,

काल फोनवर तू ‘बघू रे’ म्हणून विषय गुंडाळलास, म्हणून हे लिहितोय. पत्र मधेच कापता येत नाही. लिंक्डइनवरून साठेक अर्ज टाकले, एकाचंही उत्तर नाही, म्हणालास. रात्री तुझं प्रोफाइल उघडून बसलो. राग मानू नकोस, पण तू नेमकं काय काम करतोस ते त्यावरून मलासुद्धा कळेना, आणि मी तुझ्यासोबत सतरा वर्षं ठाणे-वाशी लोकलला लटकलोय.

फोटोचं आधी उरकू. चुलतभावाच्या लग्नातला फेटा तुला शोभतो, पण खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात उरलाय. सकाळच्या उजेडात गच्चीवर उभा राहा, वहिनींना मोबाइलवर काढू दे. साधा शर्ट, मागे वाळत घातलेले कपडे नकोत.

खरा घोळ नावाखालच्या ओळीत आहे. ‘सीनिअर असिस्टंट, ग्रेड टू’. ही ग्रेड तुमच्या तुर्भ्याच्या एचआरला ठाऊक, आणि कंपनी तर बाडबिस्तरा उचलून गुजरातला गेली. आता ग्रेड टू कोण शोधणार? भरती करणारी मुलगी शोधायच्या चौकटीत ‘एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन’, ‘शिपिंग बिल’, ‘न्हावा शेवा’ असं टाकते, वर ठिकाणाची चाळणी लावते. ज्याच्या पानावर हे शब्द, तो तिला सापडतो. निर्यातीचे कागद, कस्टम्सला द्यायचं शिपिंग बिल, तू सतरा वर्षं तेच केलंस आणि अख्ख्या पानावर त्यातला एक शब्द नाही! त्या ओळीला २२० अक्षरं मिळतात, पण यादीत सुरुवातीचीच दिसतात. म्हणून कामाचं नाव पहिलं: एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन, न्हावा शेवा, एलसी, आइसगेट. इंग्रजीतच लिही अर्थात. एलसी म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेचं पैशांचं हमीपत्र, आइसगेट म्हणजे कस्टम्सचं पोर्टल, हे त्या मुलीला समजावावं लागत नाही. खाली अनुभवात मात्र कंपनीने दिलेला हुद्दा जसाच्या तसा ठेव. उद्या कुणी पडताळून पाहिलं तर पंचाईत नको.

मग ते ‘माझ्याविषयी’. मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर. अरे, हे चोरसुद्धा लिहील! त्यापेक्षा तू करायचास ते लिही. एलसीत मालाचं वर्णन एक आणि इनव्हॉइसवर दुसरं असलं की बँक डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढते आणि पैसे लटकतात; ते कागद बँकेत जाण्याआधी तू तीनतीनदा वाचायचास. बंदरात माल पोचवायची शेवटची वेळ, म्हणजे कट-ऑफ, चुकली की कंटेनर पुढच्या जहाजावर, म्हणून गटारीच्या रात्रीसुद्धा तू कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या एजंटशी, त्या सीएचएशी, फोनवर भांडत होतास, आम्ही ताटं वाढून बसलो होतो. तर महिन्याला साधारण किती कंटेनर, कुठल्या देशांना, ड्रॉबॅकचं, म्हणजे परत मिळणाऱ्या ड्युटीचं, कोण बघायचं, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन कोण काढायचं, हे येऊ दे. आठवतील तेवढेच आकडे, पण खरे. २,६०० अक्षरांची जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असं नाही. ‘आणखी पाहा’ दाबण्याआधी पहिल्या तीनेक ओळीच दिसतात, त्यात शिपमेंट आली पाहिजे, स्वभाव नको.

तुला कुठे अडतंय ते मला कळतं. स्वतःबद्दल दोन शब्द बोललो की आपल्या दोघांच्या आया एकच म्हणायच्या, ‘पुरे, स्वतःची आरती!’ पण शिपिंग बिलं किती केली हे सांगायला लाजायचं काय? सीएचए आपलं बिल पाठवताना आकडा लिहितोच ना.

हे सगळं बदलताना ‘नेटवर्कला कळवा’ बंद ठेव. मी एकदा त्याच कंपनीतला हुद्दा नव्याने टाकला आणि ते चालू राहिलं. दुपारपर्यंत चाळीस जणांनी नव्या नोकरीबद्दल अभिनंदन केलं, त्यात माझे साहेबही होते. संध्याकाळी त्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘कधी सोडताय?’

‘ओपन टू वर्क’चे दोन प्रकार आहेत: फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असं, किंवा फोटोभोवती हिरवी पट्टी, सगळ्यांना दिसेल अशी. नोकरीत असणाऱ्याने पहिलं घ्यावं, तेही जपून, कारण आपल्या कंपनीला कळणारच नाही याची हमी लिंक्डइनही देत नाही. तुला लपवायचंय कुणापासून? पट्टी लाव. काही जण नाक मुरडतात, मुरडू देत. ठिकाणांत ठाण्यासोबत नवी मुंबई आणि उरणही टाक. २०२४ च्या जानेवारीपासून लोकल उरणपर्यंत जाते. नेरूळला गाडी बदलायची, म्हणजे उतरून माझ्याकडे चहाही होईल.

आणि ते साठ अर्ज आता पुरे. जहाजात जागा मिळवून देणाऱ्या ज्या फॉरवर्डरांशी आणि सीएचएंशी तू रोज बोलायचास, ते सगळे लिंक्डइनवर आहेत आणि तुझ्या यादीत त्यातले दोनच. कनेक्ट कर, पण ‘सर, काही असेल तर सांगा’ असलं पाठवू नकोस. कुठली शिपमेंट दोघांनी मिळून निस्तरली होती त्याची आठवण दे, मग सध्या मोकळा आहेस ते सांग. तुझ्यासोबत रात्री कागद सोडवणारा तो कळंबोलीचा माणूस, त्याच्याकडे रेकमेंडेशन माग. तो चार ओळी लिहील त्यात माझ्यापेक्षा जास्त दम असेल, मी काय, मित्र म्हणून लिहिणार. कुणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर लगेच ब्लॉक कर. वहिनींनी सांगितलं मला, मागच्या महिन्यात दोन हजार देणार होतास.

शनिवारी पाचला तलावपाळीला ये, गडकरी रंगायतनच्या बाजूला. तिथून तुझ्या घरी जाऊ आणि जेवणाआधी ते पान पुरं करू. माझा लॅपटॉप आणतो, तुझ्या त्या डब्यावर टाइप करायला मला जमत नाही. तू फक्त जुनी शिपमेंटची वही शोधून ठेव, निळ्या कव्हरची. ती रद्दीत दिली नसशील तर.

तुझा,
सुन्या