किती फूट कापलं तर चालेल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत ‘निर्दोष चित्रपट कोणता’ या विषयावरचा लेख वाचला. जुने मराठी चित्रपट आता रेंगाळतात, आजच्या प्रेक्षकाला ते पुरे बघवत नाहीत, असं त्यात म्हटलंय. ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. मी समीक्षक नाही. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षं मी कराडच्या एका थिएटरात ऑपरेटर, म्हणजे सिनेमाचं मशिन चालवणारा होतो. ते थिएटर आता पाडलंय. चांगला सिनेमा कुठला हे मला केबिनच्या भिंतीतल्या वीतभर काचेतून कळत गेलं, आणि त्याहून जास्त कात्रीमुळे कळलं.

आमच्याकडे फिल्मच्या पेट्या एस.टी.नं यायच्या. नव्या सिनेमाची प्रिंटसुद्धा मोठ्या शहरांतून फिरून मगच तालुक्याला पोचायची. मॅटिनीला लागणारा जुना सिनेमा तर किती हातांतून गेलेला असायचा कुणास ठाऊक. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. तो दिसला की पुढचं रीळ लावलेल्या दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची. दुसरा ठिपका दिसला की या मशिनचा झोत बंद आणि त्या मशिनचा सुरू. काही ऑपरेटर मूळ ठिपक्यावर न विसंबता सुईनं आपला वेगळा ओरखडा काढायचे. गावोगाव असे ओरखडे पडून, फाटलेलं कापून, पुन्हा जोडून रिळांची तोंडं आणि शेपट्या झिजत जायच्या. दीड फूट फिल्म म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. तीस फूट गेली की वीस सेकंद गेले. शिवाय फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज एकाच जागी नसतात, आवाज वीसेक चौकटी पुढे असतो. त्यामुळे जोड आला की एकाच्या तोंडी दुसऱ्याचं अक्षर येतं.

ही झाली झिजेची कात्री. दुसरी मालकांची. सहाचा खेळ शेवटच्या एस.टी.च्या आत सुटला नाही, तर खेड्यापाड्यातली माणसं पुढच्या वेळी येत नसत. सिनेमा लांबीला जास्त असला की मालक जिना चढून वर यायचे आणि म्हणायचे, “पंधरा मिनिटं काढ.” काय काढायचं ते माझ्यावर सोडायचे. पंधरा मिनिटं म्हणजे साडेतेराशे फूट. मी काढायचो. बहुतेक वेळा गाणी, कधी नोकराचा विनोदी प्रसंग, कधी बागेतली भेट. त्याची मला आज लाज वाटते. पण त्यातूनच मी शिकलो. साडेतेराशे फूट काढले तरी बऱ्याच सिनेमांचं काही बिघडत नसे. खाली कुणी हूं की चूं करत नसे. आणि काही सिनेमे असे होते की वीस सेकंद गेले तरी “ए ऑपरेटर!” म्हणून आरोळी आणि शिट्ट्या. ज्यात काढायला जागाच सापडत नाही तो पक्का सिनेमा, अशी माझी समजूत त्या वर्षांत झाली.

‘सामना’ लागला तेव्हाची गोष्ट. जब्बार पटेलांच्या या सिनेमात मास्तर पुन्हा पुन्हा विचारतो, “मारुती कांबळेचं काय झालं?” मालक म्हणाले, हा एकच प्रश्न किती वेळा, दोनदा कमी कर. रात्री रिळं टेबलावर फिरवून पाहिली. कुठला काढायचा? डॉ. लागूंच्या मास्तरचा प्रश्न तोच असतो, पण समोर निळूभाऊ फुल्यांचा हिंदूराव दर वेळी वेगळा असतो. मी एक काढला. दुसऱ्या दिवशी खालून कुणी ओरडलं नाही, पण हिंदूरावाचा पुढचा राग एकाएकी कुठून आला तेच कळेना. जिन्याची मधली पायरी गेल्यासारखं झालं. संध्याकाळच्या खेळाला मी तो परत जोडला आणि मालकांना सांगितलं, काढलाय म्हणून.

‘अशी ही बनवाबनवी’बद्दल मी थोडंच लिहितो, कारण त्याची वकिली करायची गरज नाही. १९८८ चा सिनेमा, पण आजची कॉलेजची मुलं त्यातले संवाद तोंडपाठ म्हणतात. वसंत सबनीसांच्या लिखाणात कात्री घालायला जागा नाही हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे पुण्यात एकट्या पोराला खोली मिळत नाही, हे दुखणं अजून तसंच आहे. माझा भाचा गेल्याच वर्षी नऊ घरं फिरला.

आता जिथे माझी ही समजूत अपुरी पडली ते सांगतो. ‘पिंजरा’ १९७२ चा. व्ही. शांताराम म्हणजे कापण्यात आणि जोडण्यात मुरलेला माणूस. त्यातून काही काढणं कठीण. खेबुडकरांचे शब्द आणि राम कदमांच्या चाली यांना नावं ठेवणारा मी कोण? मॅटिनीला मी तो चार वेळा चालवला आणि चारही वेळा थिएटर भरलं. पण जत्रांच्या दिवसांत आमच्या थिएटरमागच्या मोकळ्या जागेत तमाशाच्या फडांच्या गाड्या उभ्या राहायच्या, आणि फडातल्या बायका मॅटिनीला यायच्या. ‘पिंजरा’ बघताना मी त्यांना वरून पाहिलंय. त्या मास्तरसाठी रडायच्या. स्वतःसाठी रडायला त्यांना जागा मिळायची ती शेवटी, तीही पश्चात्तापाची. मास्तर घसरला त्याचा सगळा हिशोब त्या सिनेमानं तमाशातल्या बाईच्या नावावर मांडलाय. घट्ट विणलेला सिनेमा आहे, तरी तो मला आता पाहवत नाही. जुना झाला म्हणून नव्हे. पहिल्या दिवशीच त्यात एका माणसावर अन्याय होता, तो आम्हाला दिसायला वेळ लागला.

याच्या उलट ‘संत तुकाराम’. प्रभातचा, १९३६ चा, दामले आणि फत्तेलाल यांचा. मुंबईत वर्षभराहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला, हे सगळे सांगतात. आमच्याकडे तुकाराम बीजेच्या आठवड्यात मॅटिनीला तो हमखास असायचा. त्यातले चमत्कार आज कुणालाही खोटे दिसतील. वैकुंठाचं विमान तर लहान मूलही ओळखेल. पण पगनीस तुकोबा म्हणून समोर आले की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या माना लववायच्या. हा माणूस रंगभूमीवर स्त्री भूमिका करणारा, आणि पडद्यावर असा की लोकांना तो नट वाटायचाच नाही. ‘आधी बीज एकले’ सुरू झालं की सगळं थिएटर सोबत म्हणायचं. तो अभंग तुकोबांचा नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलाय, हे मी एका आजोबांना सांगितलं तर ते माझ्यावर रागावले होते. गाथेत शोधून दाखवतो म्हणाले.

पण हा सिनेमा टिकलाय तो आवलीमुळे. गौरी नावाच्या अभिनेत्रीनं ती उभी केलीय. नवरा देवाच्या नादी, घरात दाणा नाही, पोरं भुकेली. ती भांडते, विठोबाला शिव्या घालते, आणि पोर आजारी पडल्यावर चप्पल घेऊन देवळात शिरते. सिनेमा तुकोबांचा आहे, पण आवलीचं म्हणणं त्यात कुठेही खोटं ठरवलेलं नाही. ती बोलते तेव्हा ती बरोबरच असते. एका वर्षी जी प्रिंट आली तिच्यात पोराच्या आजाराचा भाग जवळजवळ गेलेला होता. बाई थेट चप्पल उगारूनच दिसली. खाली गलका झाला. खेळ संपल्यावर एक बाई डोअरकीपरला बाजूला सारून जिन्यापर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, “पोरगं आजारी होतं ते का दाखवलं नाहीस? उगाच का ती देवावर धावली?” त्यांनी तो सिनेमा आधी पाहिलेला होता. आवलीची बदनामी झाली असं त्यांना वाटलं, आणि त्यांचं खरं होतं.

आणि एक तुकडा असा, जो गेलेला मला तीस वर्षं कळलाच नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रिंटमध्ये शेवटच्या रिळाचं तोंड नेहमी खाल्लेलं असायचं. तुकोबा निघतात, विमान येतं, माणसं हात जोडतात, संपलं. कुणी कधी तक्रार केली नाही, कारण वैकुंठगमन सगळ्यांना ठाऊक. निवृत्त झाल्यावर पुण्याला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात हा सिनेमा पूर्ण पाहिला. खुर्चीत बसून पहिल्यांदाच. तेव्हा कळलं की तुकोबा निघण्याआधी आवलीला विचारतात, चल माझ्याबरोबर. ती येत नाही. पोरांचं कोण बघणार? संसार सोडून वैकुंठाला कशी जाऊ? ज्या सिनेमाचा सगळा ओघ वैकुंठाकडे आहे, त्यात एक बाई वैकुंठाला नाही म्हणते, आणि सिनेमा तिला नाही म्हणू देतो. मी तिथे बसून रडलो. इतक्या वर्षांत शेकडो वेळा चालवलेला सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता.

म्हणजे कात्रीची माझी परीक्षाही पुरी नव्हती. काही तुकडे गेले तर लोक ओरडतात, आणि काही असे जातात की कुणाला पत्ताही लागत नाही, पण सिनेमा दुसराच होऊन बसतो. लेखात ज्याला ‘रेंगाळणं’ म्हटलंय ते बहुतेक अशाच जागी असतं: चूल, पोरं, दारात उभी राहिलेली बाई. मालकांनी पंधरा मिनिटं मागितली असती तर मीही तिथेच कात्री लावली असती.

म्हणून लेखकांना विचारावंसं वाटतं की त्यांनी हे सिनेमे कुठल्या प्रतीवर पाहिले? प्रभातच्या काळातली चौकट जवळजवळ चौरस असायची. आता ती रुंद पडद्यावर भरण्यासाठी वरून-खालून कापतात किंवा आडवी ताणतात. माझ्या नातवाच्या मोबाईलवर मी तुकोबांची पगडी अर्धी कापलेली पाहिली. मधेच गाणी गायब, आवाज मागेपुढे. असलं पाहून कुणाला कंटाळा आला तर दोष १९३६ च्या लोकांचा कसा? ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ चार रिळं, त्यातलं पहिलं आणि शेवटचं एवढंच उरलंय. २००३ साली पुण्यात जुन्या, झटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मला आग लागून आणखी कितीतरी गेलं. जे शिल्लक आहे ते तरी पूर्ण दाखवा, मग निकाल द्या. आमच्या गावच्या टाऊन हॉलात महिन्याला एक जुना सिनेमा, पूर्ण लांबीचा, चौकट न कापता दाखवला तर माणसं येतील. मी ती येताना पाहिलीत.

माझ्या घरी पत्र्याचा एक डबा आहे. मालकांच्या सांगण्यावरून कापलेले आणि परत जोडायचे राहून गेलेले तुकडे त्यात आहेत, सगळे मिळून चारशे फुटांच्या आसपास. झाकण उघडलं की व्हिनेगरसारखा वास येतो, म्हणजे फिल्म आतून खराब होत चाललीय. प्रत्येक तुकड्यावर मी सिनेमाचं नाव आणि रिळाचा नंबर चिकटवून ठेवलाय. संग्रहालयातल्या कुणी हे पत्र वाचलं आणि त्यातलं काही उपयोगी पडण्यासारखं असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. डबा मी एस.टी.च्या पार्सलनं पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर, कराड