कोदाईजीतील सोनेरी गवत

क्योतो, जपान

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सावंतवाडीचे लाखकाम तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात, म्हणून येथील रोगणकामाविषयी मुद्दाम सविस्तर लिहिते. आपली लाख किड्यांपासून मिळते. येथील ‘उरुशी’ हा झाडाच्या खोडाला चरे पाडून गोळा केलेला चीक असतो. झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातले, त्यामुळे कच्चा चीक लागला की बिब्ब्यासारखेच अंग उतते. नवल म्हणजे हा चीक कोरड्या हवेत नीट वाळत नाही. दमट, उबदार कपाटात ठेवल्यावरच तो कठीण होतो.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी १५९८ मध्ये वारल्यावर त्याची पत्नी नेने हिने १६०६ मध्ये येथे कोदाईजी मंदिर उभारले. तेथील समाधिमंदिरातले देव्हारे आणि पायऱ्या ‘माकी-ए’ने सजवल्या आहेत, म्हणजे ओल्या रोगणाने चित्र रेखायचे आणि ते वाळण्यापूर्वी त्यावर सोन्याची पूड भुरभुरायची. पायऱ्यांवर तराफे आणि चेरीची फुले आहेत, परंतु माझे मन गुंतले ते शरदातल्या वनस्पतींत: सुसुकीचे लवलेले तुरेदार गवत, शेवंती, बारीक पानांची हागी, घंटेसारखी किक्यो, आणि पात्यांवर थबकलेले दवबिंदू.

जुन्या पद्धतीत सोन्यावर पुन्हा रोगण चढवून ते कोळशाने घासून काढीत. येथे पूड बहुधा भुरभुरली तशीच ठेवली आहे, आणि पानांच्या शिरा रोगण ओले असतानाच सुईने कोरल्या आहेत. श्रम वाचले हे खरे, पण त्या झटपट ओढलेल्या रेघांमुळेच गवत वाऱ्याने हलल्यासारखे वाटते. इतकी सजीवता मला अधिक कष्टाच्या कामांतही क्वचितच दिसली.

याच काळात पोर्तुगिजांसाठीही असे काम होत असे. गोव्याहून मकाव आणि पुढे नागासाकीला ये-जा करणाऱ्या त्यांच्या जहाजांमुळे जपानी पेट्या आणि जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारकांचे प्रार्थनाग्रंथ ठेवण्याचे घडीचे स्टँड परदेशी गेले. त्यांवरही फुले-वेलीच आहेत, मात्र शिंपल्याच्या तुकड्यांसह इतक्या दाटीने भरलेल्या की काळ्या रोगणाला मोकळी जागाच उरत नाही. कोदाईजीच्या कारागिरांनी ती जागा राखली, म्हणून मला त्यांचेच काम थोर वाटते.

आईस नमस्कार.

आपली कन्या