नाडी लागत होती

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मुलीच्या बारशाला मी आलो नाही आणि नंतर साधा फोनही केला नाही, याबद्दल तू रागावला असशील तर ते रास्तच आहे. आमच्याकडे सर्व ठीक. आईचा गुडघा आहे तसाच. गुरुवारी रात्री जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला कळेल असे वाटत नाही, म्हणून लिहायला बसलो.

डीएनबीसाठी, म्हणजे आपल्या अस्थिरोगाच्या पदव्युत्तर परीक्षेसाठी, गेले चार महिने मी रोज पहाटे सरावाचे पन्नास बहुपर्यायी प्रश्न सोडवतो. आधी निम्मे चुकत, आता पंचेचाळीस बरोबर येतात. त्यांतला एक तुलाही पाठ असेल: मोटारसायकलवरून पडलेला तरुण, नडगीचे हाड मोडलेले, पावलाची नाडी लागते, पण पायाची बोटे ताणली की तो ओरडतो, रक्तदाबाचा खालचा, डायस्टोलिक आकडा 70, पोटरीच्या स्नायूंतला दाब 45. फरक 30 च्या आत, म्हणजे वाट न पाहता फॅशिओटॉमी, स्नायूंवरचे आवरण कापून आतला दाब मोकळा करायचा. हा प्रश्न मी तीनदा बरोबर सोडवला आहे.

गुरुवारी तासगावकडून सात वर्षांचा एक मुलगा आला. दुपारी पेरूच्या झाडावरून पडला होता. हाडवैद्याने कोपर दुमडून, कामट्या लावून वरून चिंध्या करकचून आवळल्या होत्या, आणि बाहेर राहिलेली बोटे हळदीच्या लेपाने पिवळी व टम्म फुगलेली दिसत होती. मी मनगटाशी दोन बोटे टेकवली, नाडी लागली, केसपेपरवर ‘नाडी उत्तम’ असे लिहिले आणि निर्धास्त होऊन एक्स-रेचा कागद भरू लागलो. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, बोटे सरळ करून पाहिलीत का?” मी मधले बोट जेमतेम उचलले आणि ते पोर असे किंचाळले की बाहेर बसलेली त्याची आजी धावत आत आली. मग चिंध्या, कापूस सगळे कातडीपर्यंत कापले, दुमडलेले कोपर थोडे सरळ केले आणि सरांना बोलावले. गार्टलँडचा तिसरा प्रकार निघाला, कोपराच्या वरचे हाड मोडून पुरते सरकलेले. रात्रीच हाड बसवून ते धरून ठेवायला दोन के-वायर, म्हणजे तारा, घातल्या. सकाळी त्याने अंगठा आणि तर्जनी जोडून मला गोल करून दाखवला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पोर वाचले, नंदू, पण मला झोप नाही. नाडी सर्वांत शेवटी जाते, बोट ताणल्यावरची कळ आधी येते, हे मला ठाऊक नव्हते का? मग हात नाडीवरच का थांबला? तीन दिवस विचार करून मला एवढेच दिसते, की सरावाच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी देतच नव्हतो. ‘मोटारसायकलवरून पडलेला तरुण’ एवढे वाचले की पुढचे न वाचता उत्तराचे अक्षर डोळ्यांपुढे येत असे. पोटरीच्या जागी हात आला, तरुणाच्या जागी पोर आले, आणि माझे पंचेचाळीस गुण कुठल्या कुठे गेले. शिवाय आपल्या चारही पेपरांत पर्याय कुठे असतात? तीन तासांत दहा प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या अक्षरांत लिहायची असतात.

वसतिगृहात तू माझी उत्तरांची वही कपाटावर लपवलीस आणि ‘आधी कारण लिही, मग पाने उलट’ म्हणालास, तेव्हा मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. त्या भांडणात तुझे बरोबर होते, हे आज लिहून देतो. त्या दोन दिवसांत माझ्या वाटणीचे भडंग तू खाल्लेस, त्याचा हिशेब मात्र बाकी आहे.

शुक्रवारपासून मी पर्याय झाकतो आणि प्रत्येक उत्तराखाली ‘हेच का’ आणि ‘वय किंवा अवयव बदलला तर काय’ असे दोन परिच्छेद लिहितो. पन्नासांचे बारा झाले. परीक्षेला नऊ आठवडे उरले असताना या गतीने अभ्यासक्रम पुरा होणार नाही, ही भीती आहेच, तरीही मागे फिरायचे मन होत नाही.

तुझ्याकडून एक हवे आहे. दर रविवारी रात्री दहाला फोन कर आणि तुझ्या वॉर्डातला एखादा रुग्ण मला मधूनच सांगायला लाग. वय नको, अपघात कसा झाला ते नको, निदान तर नकोच. मी काय तपासीन हे विचार, आणि मी नाडीपाशी थांबलो तर तिथेच अडव.

नव्या दवाखान्याचे काम कुठवर आले? वहिनींना नमस्कार, छोटीला पापा. तिचे नाव काय ठेवलेत, तेही मला अजून ठाऊक नाही. ते फोनवर आधी सांग.

तुझा,
बाळू