धूर रस्त्यावर, डास परसात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आमच्या वाडीत डेंग्यूचे चार रुग्ण निघाले. मग एका संध्याकाळी फवारणीची गाडी आली आणि डांबरी रस्त्यावर धूर सोडून वळणावरूनच परत गेली. घरं सगळी पाखाडीखाली, तिथे गाडी उतरत नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "डास काय, खाडीपलीकडूनही येतात."

डेंग्यूचा डास येत नाही. पूर्वी डासांना रंगीत भुकटी फासून सोडत आणि पुन्हा पकडून अंतर मोजत. हाती लागत मोजकेच. आता त्यांची नाती तपासतात. क्वालालंपूरजवळच्या इमारतींच्या एका वसाहतीत डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्ती डासांचे जनुक तपासून सख्खी, सावत्र, चुलत-मावस भावंडं कुठे कुठे सापडली ते पाहिलं गेलं. आई अंडी दोन-चार भांड्यांत वाटून घालते, म्हणून सख्खी भावंडंही थोडी विखुरतात. चुलत-मावस भावंडांच्या अंतरात आणखी एका पिढीचा प्रवास मिळवलेला असतो. या दोन विखुरण्यांची तुलना केली की पिढीचा पल्ला कळतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तो सुमारे ४५ मीटर निघाला. म्हणजे साडेसात मीटरवर लावलेल्या सात माडांची रांग!

आमच्या वाडीत हा आकडा थोडा कमीजास्त निघेल, पण खाडी ओलांडण्याइतका नक्कीच नाही. त्यामुळे रुग्ण सापडला की आधी त्याचंच परसू आणि शेजारची दोन-चार घरं धुंडाळायला हवीत. मी माझं धुंडाळलं. न्हाणीमागच्या दगडी डोणीत, करवंट्यांत आणि होडी शाकारलेल्या ताडपत्रीच्या खोलगटात अळ्या वळवळत होत्या. धुराने मरतात ते उडणारे डास. या अळ्यांना त्याचं काही नाही.

लांबचा प्रवास हा डास करतो तो माणसाच्याच जिवावर. टायरच्या आत चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि टायर जाईल तिथे जातात. आमच्या जेट्टीला होड्या घासू नयेत म्हणून जुने टायर बांधलेत, पावसाळ्यात त्यांत पाणी साचून असतं. खालून भोक पाडलं की काम झालं. ड्रिल मशीन माझ्याकडे आहे. टायर कोणाच्या अखत्यारीत येतात, ते मात्र तीन खेपा घालूनही कोणी सांगत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, दापोली तालुका