पडणारे उमेदवार आणि चार औंसांचा कायदा

महोदय,

अमेरिकेत अमली पदार्थांचे कायदे बदलू म्हणत राज्याच्या निवडणुकीला उभे राहणाऱ्यांची आपल्या रविवारच्या लेखात ‘हौशी उमेदवार’ अशी बोळवण केली आहे. मी बरीच वर्षं न्यूयॉर्क राज्यात राहतो. मला दिसलं ते जरा वेगळं आहे.

२००२ साली राज्य विधिमंडळाचा असा एक उमेदवार आमच्या दारात आला. चहाला आत बोलावलं आणि मी नेहमीची शंका काढली, “कायदा ढिला केला तर पोरं बिघडतील, त्याचं काय?” त्यानं वाद घातला नाही. ओट्यावरच्या डब्यातली साखर अंदाजानं वाटीत ओतली आणि म्हणाला, “हे चार औंस. एवढं हेरॉईन किंवा कोकेन जवळ सापडलं की किमान १५ वर्षं आत, वर जन्मठेपेपर्यंत. पहिलाच गुन्हा असला तरी.” चार औंस म्हणजे ११३ ग्रॅम. वाटी भरलीसुद्धा नव्हती.

हा कायदा गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या काळात, १९७३ मध्ये आला. शिक्षा ठरवायची ती वजनकाट्यानं. माल कोणाचा, धंदा कोणाचा आणि चार पैशांसाठी पिशवी पोचवणारी बाई कोण, हे बघून शिक्षा त्याखाली आणायची मुभा न्यायाधीशाला नव्हती. आमचा चहा पिऊन गेलेला तो गृहस्थ सणकून पडला. खरं सांगायचं तर माझंही मत त्याला नव्हतं.

पण दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, डेव्हिड सोआरेस यांनी ऑल्बनी काउंटीत डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या, म्हणजे काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, पदासाठी नेमका हाच मुद्दा लावून धरला आणि पक्षांतर्गत निवडणुकीत त्या खुर्चीवर बसलेल्या पॉल क्लाइन यांनाच हरवलं. भारतात सरकारी वकील नेमतात, इथे लोक निवडून देतात. आणि कोणावर कुठलं कलम लावायचं हे तोच ठरवतो, त्यामुळे कायद्यातला एक शब्दही न बदलता पुष्कळ काही बदलू शकतं. ऑल्बनी ही राज्याची राजधानी, तेव्हा निकालाचा अर्थ आमदारांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच डिसेंबरात १५ वर्षांची ती किमान शिक्षा खाली आली. (हेच सोआरेस पुढे जामीन सुधारणांचे कडवे टीकाकार झाले. राजकारण आहे, चालायचंच.)

याच कायद्याविरुद्धच्या निदर्शनात २००२ मध्ये अटक झालेले न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेमचे राज्य सिनेटर डेव्हिड पॅटरसन २००८ मध्ये गव्हर्नर झाले. सरकारी वकिलाची संमती नसली तरी न्यायाधीश आरोपीला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकेल, ही २००९ ची दुरुस्ती त्यांच्याच सहीची. गांजाचंही तसंच. २०१८ मध्ये अभिनेत्री सिंथिया निक्सन गांजा कायदेशीर करा म्हणत तेव्हाचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्याच कुओमोंनी २०२१ मध्ये तशा कायद्यावर सही केली.

आपल्या लेखकाचा एक मुद्दा मला मान्य आहे. ओरेगॉनमध्ये २०२० साली मतदारांनी थोड्या प्रमाणात अमली पदार्थ बाळगणं गुन्ह्यातून काढलं. शिक्षा उरली ती १०० डॉलरच्या दंडाची. पण उपचारांसाठीचा पैसा वेळेत पोचलाच नाही, लोक वैतागले आणि २०२४ मध्ये विधिमंडळानं ते बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवलं. मतदान जिंकणारे होते, पण पैसा वेळेवर हलवणारं खुर्चीत कोणी नव्हतं. केंद्राचा अमली पदार्थांवरचा १९७० चा कायदा डोक्यावर आहेच, पण इथले बहुतेक कैदी केंद्राच्या नव्हे, राज्यांच्या तुरुंगांत असतात. म्हणून उमेदवारही राज्याच्याच पदांसाठी उभे राहतात. याला हौस कसं म्हणायचं?

लेखासोबतच्या तक्त्यात कोणाला किती मतं पडली तेवढंच दिलं आहे. कोण कुठल्या पदासाठी उभा होता आणि त्या पदाच्या हातात काय असतं, याचा एक रकाना पुढच्या वेळी त्यात घालावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, न्यूयॉर्क राज्य